न वटलेले

मिसेस थ्रेलफॉल पहिल्यांदा ऑफिसात आल्या
तेव्हा एकोणऐंशीच्या होत्या, बुटांना चिखल,
आणि घर मुलीला देऊन टाकायचं ठरवूनच आल्या होत्या.
विंडरमिअरच्या काठचं दगडी घर,
मागे डॅमसनची दोन झाडं, आंबट, जांभळ्या फळांची,
पुढे नावेचा मोडका धक्का.

मी म्हणालो, द्या. पण मग सात वर्षं जगावं लागेल,
नाहीतर वारसाकर.
त्या म्हणाल्या, तसा विचार होताच.

मग दुसरी अट सांगितली,
जी ऐकून माणसं सहसा चहाचा कप खाली ठेवतात:
पाणी सोडायचं तर पुरतं सोडायचं.
ओंजळीत थेंब राहिला तर कायद्याच्या लेखी
दान झालंच नाही.
दिलेल्या घरात राहणार असाल
तर भाडं भरा. बाजारभावानं. दर महिन्याला.
मुलीला?
मुलीला.
आणि ती त्यावर आयकर भरणार?
भरणार.
बराच वेळ त्या खिडकीतून
केंडलच्या ओल्या रस्त्याकडे पाहत राहिल्या.
"आणि डॅमसन? मुरंब्यापुरते?"
मी वहीत लिहिलं, फळांचा हक्क, तपासणे.
खरंच तपासलं. करारात कलम नऊ घातलं:
फळं भाडेकरूनं काढावीत,
निम्म्या बरण्या मालकिणीस द्याव्यात.

रोझलिंड सही करताना रडली.
साधा भाडेकरार होता, तरी.

सातवं वर्ष सरलं त्या सकाळी मी फोन केला.
आमच्या धंद्यात असं अभिनंदन करायची रीत आहे,
कशाबद्दल ते न बोलता.
"म्हणजे आता मला परवानगी आहे तर," त्या म्हणाल्या,
आणि आणखी एक अख्खा हिवाळा काढून
ऑगस्टच्या एका मंगळवारी गेल्या,
झाडावर डॅमसन अजून हिरवे होते.

रोझलिंडनं माझ्या टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवला.
आत चेक. अठ्ठ्याण्णव.
दर महिन्याच्या पहिल्या तारखेचे, निळ्या शाईतले,
अक्षर हळूहळू वाकत गेलेलं.
एकही वटवलेला नाही.
प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी:

प्रिय घरमालकीण, न्हाणीघराचा नळ गळतो.
प्रिय घरमालकीण, नळ मीच दुरुस्त केला, तक्रार मागे.
प्रिय घरमालकीण, धक्क्यावर रोज एक बगळा येतो,
पोटभाडेकरू ठेवायला आपली हरकत नसावी.
प्रिय घरमालकीण, या वेळी तुझं नाव लिहिताना थांबले,
मग आठवलं.

"आईकडून भाडं घेऊ?" रोझलिंड म्हणाली.
"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घ्यायला लावलं असतं."
लावलं असतं.

न घेतलेल्या भाड्यावर कर मात्र तिनं दरसाल भरला.
विवरणपत्र मीच भरत होतो.
बँकेचा उतारा एकदाही मागितला नाही,
करार माझा, आकडा माझा, मग मागायचं काय?
आणि थ्रेलफॉलबाईंना कळलं नसेल?
खात्यातली शिल्लक हलत नव्हती.
नव्वदीकडे झुकल्या तरी दूधवाल्याचे पेन्स मोजून घेणारी बाई.
दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत त्याबद्दल.
आठ वर्षं.

घर आता पुन्हा त्यांचंच धरलं जाईल,
साचलेलं भाडंही त्यांच्याच खात्यात,
मर्यादेवरच्या रकमेचे चाळीस टक्के.
मी रोझलिंडला आकडा सांगितला.
तिनं तो दोनदा विचारला, मग कोट चढवला.

संध्याकाळी फॉर्म काढला.
देणाऱ्यानं दिलेल्या वस्तूत काही लाभ राखला होता काय?
"होय"च्या चौकटीत फुली मारली.
खाली तीन ओळी मोकळ्या: लाभाचं स्वरूप लिहा.
पेन बराच वेळ हातात राहिलं.

डब्याशेजारी ती एक बरणी विसरून गेली होती,
की ठेवून. गेल्या सालची, चिठ्ठीवर आईचं अक्षर.
कलम नऊ पुन्हा काढून वाचलं.
ही बरणी मालकिणीच्या वाट्याची.
एवढं एक तरी नियमाप्रमाणे झालं होतं.